घाई नको, वारा येऊ दे

आम्हा सांगलीकरांना होडी म्हटलं की आधी महापूर आठवतो. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढताना होडी उलटली आणि सतरा जीव गेले. तेव्हापासून माझं मत पक्कं होतं: होडीत बसायचं ते नाइलाज म्हणून, आणि लवकरात लवकर काठाला लागायचं. मालवणला गेलो तरी इंजिनाच्या होडीने सिंधुदुर्ग गाठायचा, किल्ला बघायचा, परत यायचं. मधलं पाणी माझ्या हिशेबातच नव्हतं.

या मे महिन्यात ते मत बदललं.

घरच्यांच्या आग्रहामुळे मालवणला एका वयस्कर गाबीत तांडेलाच्या, म्हणजे मच्छीमार नाखव्याच्या, शिडाच्या होडीत बसलो. किनाऱ्यावरून समुद्राकडे वाहणारा सकाळचा मतलई वारा वाटेतच पडला आणि शीड लुळं झालं. मी म्हणालो, "मामा, वल्ही मारूया का?" ते म्हणाले, "घाई कित्याक? वारो येवंदे."

थांबलो म्हणून खाली बघितलं. ओहोटीचं पाणी नितळ होतं. तळाशी काळे खडक, त्यांना चिकटलेली धारदार कालवं. काही खडक होडीपासून जेमतेम हातभर खाली. मामा किनाऱ्यावरचं एक झाड आणि तटाचा एक बुरूज नजरेत धरून याच खडकांमधून वाट काढत आले होते.

घाटावरच्या माणसाला किल्ला म्हणजे डोंगर आणि कडा. अजिंक्यताऱ्याचा कडा साताऱ्यातून सरळ दिसतो. सिंधुदुर्ग ज्यावर उभा आहे त्या कुरटे बेटाला तसा उंच कडा नाही. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवरायांनी मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून या बेटावर किल्ल्याचं काम सुरू केलं. त्या किल्ल्याचा कडा पाण्याखाली आहे, हे मला त्या होडीत उमगलं. मोठ्या जहाजाला हे खडक जवळ येऊ देत नाहीत. छोटी होडी येते, तीही वाट ठाऊक असलेल्याच्या हाती. अगदी जवळ जाईपर्यंत महादरवाजा बुरुजांआड दडलेला असतो. शेजारच्या पद्मगडावर तर ओहोटीला किनाऱ्यावरून चालत जाता येतं. तटाइतकाच विचार या पाण्याचा झाला होता, आणि मी दरवेळी इंजिनाच्या आवाजात तेच ओलांडून जात होतो.

दुपारी समुद्रावरचा वारा सुटला. शीड फुगलं आणि त्याच वाऱ्याने आम्हाला किनाऱ्याला आणून सोडलं.

ब्रह्मनाळने शिकवलेली सावधगिरी मात्र मी सोडलेली नाही. लाइफ जॅकेट अंगात हवंच, आणि होडीत माणसं जास्त दिसली तर चढायचं नाही. मेच्या शेवटी पावसाळ्यासाठी प्रवासी होड्या बंद होतात. त्याआधी जा. वाट जाणणारा तांडेल गाठा, अर्धा दिवस हाताशी ठेवा आणि किल्ल्याच्या आधी त्याच्या भोवतीचं पाणी बघा.