भाईंदर ते धारावी किल्ला : जुन्या सायकलीची नवी घडण

भाईंदर पश्चिमेचे स्थानक मागे टाकून मुर्ध्याच्या दिशेने निघाले, की थोड्याच वेळात शहराचा गलबला विरळ होतो. इमारतींच्या जागी मिठागरांचे सपाट तुकडे दिसू लागतात आणि खाडीचा खारा वारा तोंडावर येतो. मुर्धा, राई, मोर्वा ही गावे ओलांडत रस्ता उत्तनच्या कोळीवाड्याकडे वळतो व पुढे चौकच्या टेकडीवर धारावी किल्ल्याच्या अवशेषांपाशी चढतो. मिरा-भाईंदरच्या सायकलस्वारांची ही रविवार सकाळची आवडती वाट.

माझ्या भाचीने पहिल्या पगारातून रोड बाइक घेतली, तीही तीन वर्षे वापरलेली. प्राथमिक श्रेणीचीच : अ‍ॅल्युमिनियमची चौकट, मागे क्लॅरिस श्रेणीचे आठ गिअर, रिमवर दाबणारे ब्रेक. काही आठवड्यांतच ती तिला जड वाटू लागली. "मामा, दहा गिअरचा टियाग्रा बसवून घेऊ या का?" असे तिने विचारले. तिच्या हाती शिल्लक होते सहा हजार रुपये. आठावरून दहा गिअरवर जायचे, तर हँडलवरचे शिफ्टर, डिरेलर, कॅसेट आणि चेन असा सगळा संसारच बदलावा लागतो. इतक्या पैशांत ते बसणारे नव्हते. मी म्हणालो, "आधी एकदा धारावी किल्ल्यापर्यंत जाऊन येऊ. सायकल कुठे दुखते ते रस्ताच सांगेल."

जुलैतली सकाळ होती. सपाटीवरच पहिले दुखणे कळले. जिथे काँक्रीटचे जोड, पेव्हर ब्लॉक आणि डांबराची ठिगळे येत, तिथे सायकल दगडासारखी आदळत होती. 25 मिलिमीटरच्या टायरमध्ये कोपऱ्यावरच्या दुकानदाराने चांगली 110 पौंड हवा ठासली होती. कडक हवा म्हणजे वेग, हा समज आपल्याकडे फार रुजलेला आहे. खडबडीत रस्त्यावर असे चाक पुढे धावण्याऐवजी वर उडते आणि स्वाराची शक्ती त्या उड्यांत वाया जाते. वजनाचेही तसेच. भाची 60 किलो, सायकल 11 किलो. मोठा खर्च करून एक किलो कमी केला, तरी एकूण ओझ्यात जेमतेम दीड टक्क्याचा फरक.

उत्तननंतरच्या चढावर चेन दातांवरून सटकू लागली. मिठागरांच्या आणि समुद्राच्या या टापूत लोखंडाला गंज लवकर धरतो, हे येथील रहिवाशांना सांगायला नको. तरीही रेटत रेटत आम्ही वर पोहोचलो. वसईच्या मोहिमेत 1739 च्या मार्चमध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने हे ठाणे पोर्तुगीजांकडून घेतले, आणि मे महिन्यात खाडीपलीकडची वसई पडली. टेकडीवर उभे राहिले, की खाडीचे मुख राखण्यासाठी हे ठाणे हाती असणे का गरजेचे होते, ते नकाशाशिवाय समजते.

परतताना सर सुरू झाली. उतारावर पुढे गेलेल्या भाचीने ब्रेक दाबले, ते हँडलला टेकले आणि सायकल थांबेचना. तिने प्रसंगावधान राखून कडेच्या गवतात चाक घातले. खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, पण पुढचा अर्धा तास आम्ही दोघेही बोललो नाही. टियाग्राचा विषय त्यानंतर निघाला नाही.

घरी येऊन ब्रेकची रबरे काढली. वाळून टणक झालेल्या त्या रबरांत रिमचे अ‍ॅल्युमिनियमचे कण रुतून बसले होते. पावसात चांगली पकड घेणारी नवी रबरे एका साध्या जेवणाच्या खर्चात आली. ब्रेकच्या तारा स्टेनलेस स्टीलच्या घेतल्या. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भाईंदरात दुसरी तार कशाला घ्यावी! मग चेन पट्टीने मोजली. बारा पूर्ण कड्या बरोबर बारा इंच भरायला हव्यात. एक सोळांश इंच वाढ दिसली, की चेन बदलावी. तिची त्याहून बरीच ताणली होती आणि तिने कॅसेटचे दातही खाल्ले होते. म्हणून दोन्ही नवे घेतले. आठ गिअरचे सुटे भाग स्वस्त मिळतात, हा या साध्या श्रेणीचा मोठा गुण. डिरेलर लांब पिंजऱ्याचा असल्याने 28 ऐवजी 32 दातांची मोठी चक्री बसली आणि सर्वांत हलका गिअर आणखी सुमारे बारा टक्के हलका झाला.

जवळजवळ निम्मी रक्कम टायरांच्या जोडीत गेली. चौकट व ब्रेक यांच्यात जागा आहे याची खात्री करून 28 मिलिमीटरचे, मऊ अंगाचे टायर घेतले; हवा पुढे 65 आणि मागे 70 पौंड. चाकांचा आउट काढून घेतला. सीटची उंची घरीच, फुकटात दुरुस्त केली : टाच पेडलवर ठेवली असता खालच्या टोकाला गुडघा सरळ व्हावा, इतकी. शौकीन लोक चामड्याच्या सीटची वाखाणणी करतात, पण ती आपल्या घरात येणे शक्य नव्हते. जुनेच रेक्झिनचे सीट योग्य उंचीवर आल्यावर त्याविषयीची तक्रार संपली.

ऑगस्टमध्ये, पुन्हा पावसात, आम्ही तोच उतार उतरलो. मध्यावर तिने मुद्दाम ब्रेक दाबले, सायकल थांबवली, एक पाय जमिनीवर टेकला आणि मागे वळून माझ्याकडे पाहिले.

सहा हजारांतले जे उरले, त्यातून पुढचा दिवा घेतला. राई ते मोर्वा हा टप्पा पावसाळी पहाटे बराच अंधारा असतो.