खपलीखालची पानगळ

कादंबरी लिहिणाऱ्याला माणसे मारायचा सराव असतो. एखादे पात्र नकोसे झाले, की चौदाव्या प्रकरणात त्याला ताप आणावा. पंधराव्यात जागा मोकळी! पण गुडघ्यावरच्या एवढ्याशा खपलीखाली याहून कितीतरी नेटकी मरणे घडत असतात.

जखम झाली, की काही तासांतच न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तातून तिकडे धावतात, जंतूंशी झुंजतात, आणि काम उरकले की आपणहून मरतात. फुटत मात्र नाहीत. आक्रसतात, आतल्या आत आवरून घेतात. फुटल्या तर त्यांच्या पोटातली दाहक द्रव्ये शेजारच्या धडधाकट मांसालाच जाळायची! मग मोठ्या भक्षक पेशी येऊन त्यांना गिळतात. आणि गंमत अशी, की हे प्रेत पोटात जाताच भक्षकाचा स्वभाव पालटतो. इतका वेळ भांडणारा तो गडी डागडुजीची कामे सांगू लागतो!

या शिस्तीच्या मरणाला कर, वायली आणि करी या तिघांनी १९७२ साली ‘अपॉप्टोसिस’ म्हटले. ग्रीक शब्द; अर्थ पानगळ. तो सुचवला अ‍ॅबर्डीनच्या ग्रीक भाषेच्या प्राध्यापकांनी, जेम्स कॉर्मॅक यांनी. भाषेच्या मास्तरांचाही उपयोग असतो, हे आमच्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांनी ध्यानात घ्यावे.

जखमेच्या कडा ओढून धरणाऱ्या पेशींनीही जखम मिटल्यावर असेच निघून जायचे असते. त्या ठाण मांडून बसल्या, तर वण जाड नि ताठर होतो.

हे सारे मी वाचले ते आईमुळे. तिला मधुमेह आहे. आषाढात चपलेने तिच्या पायाचा अंगठा सोलवटला, तो नवरात्र उलटले तरी भरेना. डॉक्टर म्हणाले, या रोगात आवराआवरच बिघडते. मेलेल्या पेशी वेळेवर उचलल्या जात नाहीत, नि दाह धुमसत राहतो. “दिवाळीपर्यंत पाहू,” ते म्हणाले, “नाहीतर अंगठा काढावा लागेल.”

पट्टी रोज आमची मंडळीच बदलते. परवा तिने मला हाक मारली. जखमेच्या एका कडेला लालसर, दाणेदार मांस दिसत होते, डाळिंबाच्या दाण्याएवढे. आम्ही दोघेही काही बोललो नाही.

आईनेच विचारले, “अरे, अभ्यंगस्नानाला पाय भिजवू देशील ना?”

“पाय पिशवीत बांधून पाटाबाहेर ठेवू,” मी म्हटले.

“म्हणजे उटणे नऊ बोटांनाच!” ती म्हणाली, आणि पट्टीसाठी पाय पुढे केला.