मागून येणाऱ्यासाठी

बंगळूरहून पूर्वेला जुन्या मद्रास रस्त्याने निघाले, की पंचवीसेक किलोमीटरवर होसकोटे लागते. कानडीत होसकोटे म्हणजे नवा कोट. सतराव्या शतकात शहाजीराजांच्या जहागिरीत बंगळूरबरोबर हेही होते. आज इथले विस्तीर्ण तळे आणि पहाटेची गरमागरम बिर्याणी बंगळूरच्या सायकलस्वारांना साद घालतात.

पण सप्टेंबर-ऑक्टोबर हे बंगळूरचे भर पावसाचे दिवस. शर्यतीच्या घडणीच्या सायकलींना मडगार्ड नसते. चाक आणि सांगाडा यांच्यामध्ये जेमतेम बोटभर जागा! होसकोटे येईपर्यंत पाठीवर चिखलाची लांबलचक रेघ उमटते.

यावर सोपा उपाय म्हणजे सीटखाली खोचायची प्लॅस्टिकची पट्टी. वजन नगण्य, पाना-स्क्रूची गरज नाही. मात्र ती वाचवते फक्त स्वतःची पाठ. मागून येणाऱ्याच्या तोंडावर चिखलपाणी उडतच राहते. त्यासाठी चाकावर खाली उतरणारे, रबरी पट्ट्यांनी सांगाड्याला बांधायचे लांब मडगार्ड हवे. ते बसवल्यावर चाक हाताने फिरवून पाहावे. कुठे घासत तर नाही ना? खड्ड्यात सैल होऊन ते चाकात अडकले, तर कपाळमोक्षच!

आपल्या जुन्या पोलादी सायकलींच्या मडगार्डला खाली रबराचा तुकडा लोंबत असे. तो काही नुसता शोभेचा नव्हता. मागून येणाऱ्याची काळजी त्यात होती. होसकोट्याला पोचल्यावर आपला सदरा स्वच्छ आहे का, हे सारेच पाहतात. सोबत्याचा चेहराही पाहावा.