तगरच्या गाडीवाटेवर

येडशीच्या रानात पाऊस उघडल्यावर जीप घालायची, तर आधी माती ओळखता यायला हवी. तांबूस मुरूम असला की चाक मातीला धरतं. काळी लागली की मातीच चाकाला धरते, टायरच्या खाचा बुजतात आणि गाडी जागच्या जागी भिरभिरायला लागते. आमचे दाजी खतं-बियाण्यांच्या कामानं वर्षानुवर्षं हा जिल्हा हिंडलेले. त्या दिवशी गाडी ते चालवत होते, मी शेजारी आणि मागच्या सीटवर भाचा. त्याच्या मांडीवर मालवणहून आणलेला स्नॉर्केलचा मुखवटा आणि नळी होती. तारकर्लीच्या समुद्रात वापरलेलं हे सामान धाराशिव जिल्ह्यात कशाला नेतोस, असं बहिणीनं निघताना विचारलंच होतं. "तेरला तात्यांची विहीर भरलीय," एवढंच तो म्हणाला.

येडशी रामलिंग घाट अभयारण्य 1997 साली जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम बावीस चौरस किलोमीटर. आत परवानगीवाचून गाडी नेता येत नाही आणि ते योग्यच आहे. इतक्याशा रानात इंजिनांची वर्दळ सुरू झाली तर जनावरांनी जायचं कुठं? आम्ही हद्दीबाहेरच्या गाडीवाटांनी, माळांवरून आणि शेतांच्या कडेकडेनं फिरलो. भाद्रपद सरत आला होता. एरवी वैशाखात ज्या माळाकडे बघवत नाही, तो पोटरीपर्यंतच्या गवतानं झाकला होता. धावडा, पळस, आपटा, बोरी-बाभळी आणि सगळीकडे सीताफळ. बालाघाटाच्या या उघड्या मुरमात सीताफळ न लावता येतं आणि न राखता फळतं.

दाजींची रीत साधी आहे. वाट सुटण्याआधी टायरमधली हवा थोडी कमी करायची, म्हणजे चाक जमिनीवर पसरून बसतं. बैलगाड्यांनी आणि ट्रॅक्टरनी पाडलेल्या खोल चाकोरीत चाक उतरू द्यायचं नाही, तिच्या दोन्ही अंगांच्या वरंब्यांवरून न्यायचं. आणि ओढा लागला की आधी माणूस पाण्यात घालायचा. भाचा विजार गुडघ्यापर्यंत दुमडून ओढ्यात उतरला, पलीकडे जाऊन आला आणि म्हणाला, "खाली खडी आहे, बाबा. मधे एक धोंडा आहे तेवढा, डावीकडून घ्या." दाजींनी पहिला गिअर टाकला आणि मधे कुठेही पाय न उचलता गाडी पलीकडच्या चढावर नेली. डांबरी रस्त्यावर माणूस बाहेर बघतो; गाडीवाटेवर जमिनीकडे बघावं लागतं, आणि मग जमीन दिसायला लागते. कुठे मुरूम संपून काळं रान सुरू होतं, कुठे पाणी मुरतं आणि कुठे नुसतं धावतं, हे त्या तासाभरात मला जितकं कळलं तितकं कुठल्या नकाशानं कळलं नव्हतं.

हा डोंगर पाण्याची वाटणी करतो. त्याच्या एका अंगाचा पाऊस भीमेकडे जातो, दुसऱ्या अंगाचा तेरणा-मांजरेवाटे गोदावरीला मिळतो. रामलिंगाचं देऊळ दरीत आहे. गाडी वर ठेवून आम्ही पायऱ्या उतरलो. सीतेला नेणाऱ्या रावणाला जटायूनं इथं अडवलं, घायाळ जटायूसाठी रामानं बाण मारून पाणी काढलं, अशी इथली कथा. देवळाला वळसा घालून ओढा जातो आणि पावसाळ्यात वरून धबधबा पडतो. कोरड्या मुलखातल्या माणसानं रामाच्या हाती जे काम दिलं, ते पाणी काढण्याचं, हे मला फार खरं वाटतं.

डिसेंबर 2024 मध्ये याच रानातल्या कॅमेऱ्यात एक वाघ दिसला. पट्ट्यांवरून त्याची ओळख पटली, तेव्हा तो यवतमाळच्या टिपेश्वरचा निघाला. म्हणजे चारशे किलोमीटरहून अधिक अंतर तो शेतं, महामार्ग, रूळ आणि वस्त्या ओलांडत चालून आला होता. त्याला पकडून दुसरीकडे हलवायचे प्रयत्न झाले, पण त्यानं बराच काळ दाद दिली नाही. आजूबाजूच्या गावांना जनावरांची काळजी होती, ती रास्तच होती. तरी चहाच्या टपरीवर त्याचा विषय निघाला की माणसं आवाज खाली आणून बोलतात, घरी आलेल्या मोठ्या पाहुण्याबद्दल बोलावं तशी.

येडशीहून रेल्वेचा मार्ग जातो. मूळचा तो बार्शी लाइटचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं 1897 मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत अडीच फुटी रूळ टाकले आणि 1911 पर्यंत ही छोटी गाडी लातूरला पोचली. आता तिथं ब्रॉडगेज आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पिण्याच्या पाण्याचे टँकर घेऊन जी गाडी धावली, ती याच मार्गानं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ओढा ओलांडून ओल्या पायांनी रुळांजवळ उभं राहिल्यावर ते आठवलं. पाणी या मुलखात येतं आणि जातं. ते जातं तेव्हा माणसं कुठवर जातात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना भरलेल्या ओढ्याची किंमत सांगावी लागत नाही.

दुपारी तेर गाठलं. तेरणेच्या काठचं हे गाव म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये त्याचं नाव आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असा त्यानं हिशेब दिला आहे. तगरहून साधं कापड आणि मलमल भडोचला जाई. मुलखाच्या दुसऱ्या टोकाच्या किनाऱ्यावरचा मालही इथं गोळा होऊन पुढे जाई. आणि हे सगळं गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या अफाट प्रदेशातून. हे तपशील मी पूर्वी वाचले होते, पण सकाळभर काळ्या मातीशी झुंजल्यावर त्यांचा अर्थ अंगाला लागला. पावसाळ्यात या जमिनीवरून लादलेली गाडी जाणं शक्यच नाही. दसऱ्याच्या सुमाराला माती वाळून टणक झाली की बैल जुंपायचे. त्याच पुस्तकाप्रमाणे इजिप्तची गलबतं जुलैत निघत, म्हणजे नैऋत्य वाऱ्यावर पावसाळ्याअखेर ती भडोचला लागणार आणि हिवाळ्यात वारा फिरला की परतणार. महिनाभराची गाडीवाट या दोन वाऱ्यांच्या मधे नेमकी बसते. तगरचा विणकर समुद्रापासून शेकडो मैल दूर बसून समुद्राच्या पंचांगानं जगत असला पाहिजे, असं मला वाटतं.

तगर म्हणजे नेमकं कोणतं गाव यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. जे. एफ. फ्लीट यांनी 1901 मध्ये तेर हे उत्तर दिलं, त्यानंतर हेन्री कझिन्स यांनी इथल्या देवळांची पाहणी केली आणि 1958 मध्ये चापेकरांनी उत्खनन केलं. पण तेरचा खरा ठेवा गोळा केला तो गावच्याच माणसानं. गावाभोवती जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीच्या टेकाडांवर पाऊस पडून गेला की मणी, नाणी, भाजलेल्या मातीच्या मूर्ती उघड्या पडतात. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या वेचल्या, जपल्या आणि आज त्यांच्या नावाच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात आपण त्या बघतो. रोमशी असलेल्या व्यापाराच्या खुणा त्यात आहेत. हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे; इसवी सन 79 मध्ये राखेखाली गेलेल्या पाँपेईत 1938 साली जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्या जवळची ही बहीण. भाचा त्या काचेसमोरून हलेना. इटलीतल्या त्या घरात पोचलेली मूर्ती आपल्या तालुक्यातून गेली असेल का, हा त्याचा प्रश्न. तशीच एक मूर्ती भोकरदनलाही मिळाली आहे, तेव्हा तालुक्याचं सांगता येत नाही. या पठारावरच्या हातांची मात्र ती असू शकते.

त्रिविक्रमाचं देऊळ गावातच आहे. मागची बाजू अर्धगोल, छत गजपृष्ठाकार, सगळं विटांचं. मूळचं हे बौद्ध चैत्यगृह, पुढे विष्णूचं देऊळ झालं आणि पूजा आजतागायत चालू आहे. अशी उभी, वापरात असलेली प्राचीन चैत्यवास्तू देशात फार थोड्या ठिकाणी उरली आहे. घरांच्या दाटीत ती सहज नजरेतून सुटते आणि याचं मला दर वेळी वाईट वाटतं. वेरूळला जाणारी एक बस जरी इकडे वळली तरी गावाचं रूप बदलेल. इथल्या जुन्या विटा इतक्या हलक्या आणि सच्छिद्र आहेत की पाण्यावर तरंगतात. गोरोबाकाका याच गावचे. ज्या गावानं तरंगणारी वीट भाजली, त्यानं मातीत रमणारा संत दिला, हे मला जोडूनच आठवतं. त्यांच्या समाधीवर टेकून आम्ही तात्यांच्या मळ्याकडे निघालो.

तात्यांची विहीर त्यांच्या आजोबांनी बांधलेली. वर घडीव दगडाचं बांधकाम, खाली उघडा मुरूम आणि त्याच्याखाली काळा पाषाण. "चार परस पाणी हाय आता. उतरा बिनघोर," तात्या म्हणाले, आणि तरीही भाच्यासाठी दोर बांधलेला वाळका भोपळा त्यांनी पाण्यात सोडलाच. या भागातली पोरं पिढ्यान् पिढ्या पाठीला भोपळा किंवा पांगाऱ्याचं ओंडकं बांधून पोहायला शिकली. आता भोपळ्याच्या जागी रिकामा प्लास्टिकचा डबा असतो.

भाच्यानं आधी मुखवटा लावला, मग मला दिला. काचेत तोंड घालून मी पाण्यावर पालथा पडलो आणि नळीतून श्वास घेऊ लागलो. कान बुडाले, वरच्या मोटारीचा आवाज गेला. ऊन एका बाजूनं तिरपं उतरत होतं आणि हिरवट पाण्यात बरंच खोलवर दिसत होतं. बोटाएवढे मासे दगडांच्या सांध्यांशी तोंडं लावत होते. बांधकाम संपून मुरूम लागतो तिथं एका कपारीत कासव होतं. त्यानं मान आत घेतली आणि थोड्या वेळानं परत बाहेर काढली. त्याच्या खाली मुरूम आणि पाषाण यांचा सांधा आडवा, सरळ गेलेला. त्या सांध्यातून एका ठिकाणी मातीचे बारीक कण सारखे उडत होते. हात नेला तर तिथलं पाणी थंड लागलं. झरा होता तो. माळावर पडलेला पाऊस मुरमातून झिरपत, खालच्या अखंड पाषाणावर अडून, सांध्यासांध्यानं वाट काढत इथं पोचतो, हे मी शाळेत शिकलो, भाच्याला शिकवलंही. येतानाचं पाणी समोर पाहिलं ते आत्ता. तारकर्लीचे प्रवाळ सुंदरच आहेत. पण या झऱ्यावर एक घर, दोन बैल आणि सहा एकर रान उभं आहे, हे माहीत असताना त्याच्याकडे बघणं निराळं होतं.

वर आलो तेव्हा तात्यांनी विचारलं, "कुठल्या अंगाला दिसला?" मी उगवतीकडे बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली. सोळा सालच्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली, तेव्हा त्याच अंगाला ओल टिकून होती म्हणे. ती जागा त्यांना आजोबांनी सांगितलेली. पाण्याखाली ती कशी दिसते हे मी त्यांना सांगत बसलो आणि ते बारकाईनं विचारत राहिले.

तुळजापुरात आईचं दर्शन कळसाचंच घेतलं, कारण नळदुर्गचा किल्ला अंधार पडायच्या आत गाठायचा होता. बोरी नदीला वळवून, तिला खंदकाचं काम देऊन बांधलेला हा किल्ला. निजामानं 1853 मध्ये हा भाग इंग्रजांना दिला, तेव्हा कारभार बघायला आलेला मेडोज टेलर इथंच राहिला. ठगांवरची त्याची कादंबरी आधीच, 1839 मध्ये गाजली होती. पुढे 13 सप्टेंबर 1948 च्या पहाटे सोलापूरहून निघालेल्या भारतीय फौजेनं हैदराबादच्या वाटेवर पहिल्यांदा नळदुर्गच घेतलं. पण मला इथं ओढून नेतो तो पाणी महाल. मुख्य किल्ला आणि शेजारचं रणमंडळ यांच्यामध्ये बोरीवर धरण घातलं आहे आणि त्या धरणाच्या पोटात महाल कोरल्यासारखा बसवला आहे. काम दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीतलं. पाणी वाढलं की ते भिंतीवरून दोन ठिकाणी खाली झेपावतं, एक नर धबधबा आणि एक मादी. आपण त्या दोहोंच्या मध्ये, खिडकीत, कोरडे उभे. पाठीमागे तलाव आणि डोक्यावरून नदी. भिंतीतला फारसी लेख सांगतो की ही वास्तू पाहून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंचे अंधारतील.

भाचा भिंतीला हात लावून ओल शोधत होता. दगड इतके नेमके बसवले आहेत की चारशे वर्षं पाण्याचा दाब सोसूनही ते टिकून आहेत. तात्यांच्या आजोबांनी झरा कुठून येतो हे पाहून विहिरीची जागा धरली आणि आदिलशाही कारागिरांनी पूर कुठून जाईल हे पाहून भिंतीची. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात पाण्याची ही जाण किती जुनी आणि किती सर्वांची आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगावंसं वाटतं. आणि इथल्या माणसालाही, कारण विंधनविहिरींच्या नादात विहिरीचा सांधा वाचणारे तात्यांसारखे लोक कमी होत चाललेत.

परतताना दाजी आणि भाचा यांचा बेत ठरत होता. दसरा झाला, माती वाळली की तेरहून पैठणला जायचं, ते महामार्ग टाळून, कळंबवरून बीडकडे जुन्या गाडीवाटा जिथवर साथ देतील तिथवर. "गाडीनं दोन दिवस," दाजी म्हणाले. भाचा म्हणाला, बैलांना दहा लागत होते, आपण निदान चार घेऊ. दाजींनी थोडा विचार केला आणि वाटेतल्या कुठल्या गावात कुणाकडे मुक्काम होऊ शकेल, याची नावं सांगायला सुरुवात केली.