अहो, तुमचं कोपर बघा आधी!

हातातलं काम ठेवा बाजूला. ठेवा हो! तीर्थ घेताना धरतो तसा उजवा तळहात वर करा. आता तो पालथा करा. काय झालं? काहीच नाही, असं वाटलं ना? मलाही जन्मभर तसंच वाटत होतं! माझं जीवशास्त्र दहावीला संपलं, पण भाचीचं फिजिओथेरपीचं पुस्तक चाळायला घेतलं आणि मग झोपच उडाली!

तळहात वर असताना कोपरापुढची दोन हाडं शेजारी शेजारी असतात, आणि तो पालथा केला की अंगठ्याकडचं हाड करंगळीकडच्या हाडावर तिरकं आडवं जातं, चक्क फुली! कोपर म्हणजे बिजागरीचा सांधा, घडी घालायची आणि उघडायची, एवढंच त्याचं काम, हे शाळेत पाठ केलं होतं, आणि मग कळतं की सांध्याभोवतीच्या त्याच पिशवीत आणखी एक सांधा लपलाय, खिळीचा, तिथे एका हाडाचं गोल डोकं चिवट तंतूंच्या कड्यात गरकन फिरतं! एका कोपरात दोन तऱ्हा! आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही!

आता मान. 'हो' म्हणा. ते कवटी आणि पहिल्या मणक्याच्या मधे होतं. 'नाही' म्हणा. ते एक मजला खाली! दुसऱ्या मणक्याची खुंटी पहिल्याच्या कड्यात असते, तिच्याभोवती डोकं फिरतं. होकार-नकाराचे सांधे वेगळे!

खांदा नि खुबा उखळीचे, मनगटातली हाडं सरकती, अंगठ्याच्या बुडाशी खोगिरासारखा सांधा. ते बघा तुम्ही सावकाश. मला वंगणाचं सांगायचंय! हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यात रक्तवाहिन्याच नाहीत, आणि मग ती जगते कशावर? सांध्यातल्या द्रवावर! अंड्याच्या पांढऱ्यासारखा चिकट द्रव, निरोगी गुडघ्यात चमचाभरसुद्धा नाही, आणि आपण हललो की तो कूर्चेत दाबला जातो, बाहेर येतो. म्हणजे चालणं हेच तिचं जेवण! (हे वाचल्यापासून मी घरात उगाच फेऱ्या मारतेय.)

आणि बोटं मोडल्यावरचा कडकड आवाज? हाडांचा नाहीच! सांधा ताणला की आतला दाब उतरतो, द्रवात विरघळलेला वायू सुटतो, त्याची करामत! बोटं मोडून सांधे बिघडतात का हे बघायला डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी साठेक वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही! शेवटी दोन्ही हात सारखेच धडधाकट. 2009 साली त्यांना गमतीशीर संशोधनासाठीचं इग नोबेल मिळालं. काय माणूस!

म्हणजे आज्जी दृष्ट काढताना कानशिलावर कडाकडा बोटं मोडायची, तो वायूचा आवाज, आणि मग तो माझ्या कानात शिरायचा, पडदा थरथरायचा, आतली तीन इवली हाडं हलायची, आणि त्या हाडांच्या मधे काय असतं माहितीये? सांधे! हलणारे, वंगणवाले!