चाक आणि त्याचा भार वाहणारे

फिरतें चाक सर्वांस दिसतें. तें ज्याच्या आधारानें फिरतें तिकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. संस्कृतांत चाकाच्या अंगांस नेमि, अर, नाभि, अक्ष अशीं सुंदर नांवें आहेत. परंतु अक्षाचा सारा भार ज्यावर टेकतो, त्या बेअरिंगचें महत्त्व आम्हांस परळ भागांतील शाळेंत शिकवीत असतांना विशेष पटलें.

आमचे बहुतेक विद्यार्थी लालबाग-परळचे. कोणाचे वडील गिरणींत, तर कोणाचे रेल्वेंत. जी. आय. पी. रेल्वेनें १८७९ सालीं उभारलेला परळचा कारखाना त्या मुलांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरचाच. एके दिवशीं आम्ही सायकलचें सुटें चाक वर्गांत नेलें. आंसाचीं दोन टोकें एका मुलाच्या दोन हातांत दिलीं, चाकाचा वरचा भाग त्याच्यापासून दूर जाईल अशा रीतीनें तें जोरानें फिरविलें, आणि म्हटलें, "आतां उजवीकडे वळ." तो वळूं लागतांच त्याच्या डाव्या हातावर दाब आला व उजवा हात वर उचलला गेला. वळणें आडवें, आणि जोर मात्र उभा! वर्ग चकित झाला.

फिरत्या वस्तूच्या अक्षाची दिशा बदलूं गेल्यास ती काटकोनांत उत्तर देते. तिच्या याच हट्टी स्वभावाचा उपयोग करून फूको या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५२ सालीं पृथ्वीचें परिवलन दाखविलें व त्या उपकरणास 'जायरोस्कोप' हें नांव दिलें. पुढच्याच वर्षीं, १६ एप्रिल १८५३ रोजीं, बोरीबंदराहून ठाण्यास आपली पहिली आगगाडी धांवली.

त्या मुलाचे दोन हात म्हणजेच दोन बेअरिंगें. चाक जितकें जड व मोठें, त्याचा वेग जितका अधिक, आणि वळणें जितकें झपाट्याचें, तितका हा भार वाढतो. बेअरिंगें एकमेकांस जितकीं जवळ, तितका तो प्रत्येकावर अधिक पडतो. गाडी वळणावर आली म्हणजे हाच जोर बाहेरच्या चाकाला रुळावर दाबतो. ताशीं ७२ किलोमीटर वेग, ४०० मीटर त्रिज्येचें वळण आणि सुमारें एक टनाची चाकजोडी धरून आम्ही फळ्यावर गणित मांडलें, तों हा दाब अवघा बारा-तेरा किलो निघाला! डब्याचें वजन मात्र प्रत्येक बेअरिंगवर टनांनीं असतें. खरा शत्रू तें वजन, रुळांचे हादरे आणि घर्षणाची उष्णता.

इतक्यांत मागल्या बाकावरील एक अबोल मुलगा उभा राहिला. वडिलांच्या तेलकट कपड्यांवरून त्यास इतर मुलें 'तेल्या' म्हणत. तो म्हणाला, "सर, माझे बाबा हेंच बघतात. गाडी थांबली कीं चाकाच्या पेटीला हात लावतात. फार गरम लागली तर डबा काढायला सांगतात."

आम्ही त्यास पुढें बोलाविलें आणि राहिलेला पाठ त्याच्याच साहाय्यानें पुरा केला. वंगण सरलें कीं घर्षण वाढतें, बेअरिंग तापून जखडतें, आंस तुटूं शकतो, आणि धांवती गाडी रुळांवरून घसरते. हजारों प्रवाशांचे प्राण अशा एका तळहातावर अवलंबून असत. आज रोलर बेअरिंगें आलीं आहेत, कांहीं ठिकाणीं रुळालगतचीं यंत्रेंही उष्णता टिपतात. तरी दक्षतेची गरज सरलेली नाहीं. त्या तासानंतर 'तेल्या' ही हांक आमच्या कानीं पुन्हा आली नाहीं.

वाचकांच्या घरीं मान हलविणारा टेबलफॅन असेल. त्याची मान वळतांना आंतील बेअरिंगांवर हाच उभा जोर, थोडाथोडका कां होईना, क्षणोक्षणीं पडत असतो. पात्यांवरची धूळ पुसणें सर्वांस सुचतें. बेअरिंगला तेलाचा थेंब देणें मात्र तें कुरकुरूं लागल्यावरच आठवतें. ज्या पंख्यास तेल द्यावें लागतें, त्यास प्लग काढून तें वेळेवर द्यावें. आणि तें घरांतील मुलांस जवळ बसवून, कारण सांगून द्यावें, इतकीच आमची विनंती आहे.