रेषा तोडण्याचा अधिकार कोणाकडे?

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आगामी जनगणनेत सर्व जातींची नोंद करण्याचा निर्णय घेतला. तेव्हापासून चळवळीतल्या प्रत्येक बैठकीत टक्केवारीचा विषय निघतो. १९३१ नंतर पहिल्यांदा सगळ्या जातींचे आकडे बाहेर येणार म्हटल्यावर तो निघणारच. ही मागणी आमचीही होती. पण आकडे आले की जातीचे गणित सुटले, अशा थाटात आपले काही वक्ते बोलू लागले आहेत, म्हणून हे लिहिणे भाग आहे. जनगणना माणसे मोजते. माणसामाणसांत चालणारे व्यवहार ती मोजत नाही. आणि जात राहते ती व्यवहारात.

हे आमचे शोधलेले ज्ञान नव्हे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्यात त्यांनी जातीचे मर्म रंगात, वंशात किंवा धंद्यात न शोधता लग्नाच्या बंदीत शोधले. एकटी जात असूच शकत नाही, जाती नेहमी अनेकवचनातच असतात, हेही त्यांनी तिथेच मांडले. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. जात हा माणसाच्या अंगावरचा गुण असता, तर एकटी जातही अस्तित्वात राहिली असती. ती राहू शकत नाही, कारण जात म्हणजे दोन गटांमधले नाते आहे. अधिक नेमके सांगायचे तर नात्याला केलेली मनाई आहे.

आज ज्याला नेटवर्क विश्लेषण म्हणतात त्याची सुरुवात इथूनच होते. माणूस, कुटुंब किंवा संस्था म्हणजे बिंदू आणि त्यांच्यातला संबंध म्हणजे रेषा. बिंदू कसा आहे यापेक्षा तो कोणाकोणाशी जोडलेला आहे हे पाहायचे. जेकब मोरेनो यांनी १९३४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन इथल्या मुलींच्या एका संस्थेत कोणाला कोणाची सोबत हवी हे विचारून असे नकाशे काढले. समाजशास्त्राच्या एम.ए.ला आम्हाला मोरेनो शिकवला गेला, पण त्याच्या आधी अठरा वर्षे बाबासाहेबांनी रेषांची भाषा केली होती, हे वर्गात कोणी बोलले नाही. तक्रार जुनी आहे, सोडून देऊ. गंमत अशी की या शास्त्राचे शब्द आपल्या आज्यांच्या तोंडी आधीपासूनच होते: रोटीबेटी व्यवहार, भावकी, सोयरीक, उठबस, लागेबांधे, वशिला. गावगाड्यात राहणाऱ्या माणसाला संबंध मोजायला संगणक कधीच लागला नाही.

तरीही या शास्त्राचा उपयोग आहे. १९९३ मध्ये पॅजेट आणि अ‍ॅन्सेल या दोन अभ्यासकांनी पंधराव्या शतकातल्या फ्लोरेन्स शहरातली घराणी घेतली. मेडिची घराणे सत्तेवर का आले? स्ट्रॉझी घराणेही काही कमी श्रीमंत नव्हते. लग्नाचे, व्यापाराचे, कर्जाचे संबंध मांडल्यावर दिसले की बरीच घराणी मेडिचींशी जोडलेली होती, पण आपापसात तुटलेली होती. त्यांची वाट मेडिचींच्या दारातून जात होती. हे वाचताना पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे कोणते चित्र उभे राहते ते आम्ही सांगायला नको. साखर कारखाना, जिल्हा मध्यवर्ती बँक, दूध संघ, बाजार समिती, शिक्षण संस्था. संचालक मंडळांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवा आणि मग लग्नपत्रिका काढा. पक्ष वेगळे, झेंडे वेगळे, व्याही एकच. निवडणुकीत एकमेकांवर तुटून पडणारे नेते दिवाळीत एका पंगतीला का बसतात, याचे आश्चर्य पत्रकारांना वाटते. नकाशा पाहणाऱ्याला वाटत नाही.

कॉर्पोरेट जगातही तेच. अजित, डॉन्कर आणि सक्सेना यांनी २०१२ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त देशातल्या आघाडीच्या एक हजार कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास छापला. सुमारे ९३ टक्के संचालक उच्च जातींतले होते. अनुसूचित जाती-जमाती मिळून ३.५ टक्के. गुणवत्तेची टिमकी वाजवणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवले होते की नोकरीची बातमी जिवलग मित्रांपेक्षा दूरच्या, जुजबी ओळखीतून जास्त मिळते. खरे आहे. पण जुजबी ओळख व्हायलाही एका टेबलावर चहा प्यावा लागतो, आणि त्या टेबलाभोवतीच्या खुर्च्या कोणाच्या जातीने भरल्या आहेत हे वरचा आकडा सांगतो. आमच्या वस्तीत ओळखींची कमतरता नाही. प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. बँकेच्या मॅनेजरला मात्र एकही जण ओळखत नाही.

इथवर हे शास्त्र आपल्या कामाचे. इथून पुढे सावध राहायला हवे.

नेटवर्क विश्लेषणातले सगळ्यांत सोपे माप म्हणजे एका बिंदूला किती रेषा येऊन मिळतात. जास्त रेषा तो मध्यवर्ती, आणि मध्यवर्ती तो बलवान, असा सर्वसाधारण समज. आता शंभर वर्षांपूर्वीचे एखादे गाव घ्या आणि हे माप लावा. कोणाला जास्तीत जास्त रेषा मिळतील? पाटलाला? कुलकर्ण्याला? नाही, महाराला. सांगावा त्याने पोचवायचा, मयताची खबर परगावी त्याने न्यायची, येणाऱ्या अंमलदाराचे ओझे त्याने वाहायचे, शिवेच्या तंट्यात साक्ष त्याची, मेलेले जनावर ओढायचे त्याने, लाकडे फोडायची त्याने. गावात एकही घर असे नव्हते ज्याच्याशी त्याचा संबंध नव्हता. संगणकाला विचाराल तर तो महाराला गावाचा केंद्रबिंदू ठरवील. आणि हा केंद्रबिंदू राहायचा गावकुसाबाहेर.

चूक संगणकाची नाही. रेषांची संख्या म्हणजे सत्ता, हे गृहीतच पोकळ आहे. सत्ता कशात आहे? ती रेषा तोडण्याचा अधिकार कोणाकडे आहे, यात. पाटलाने महाराचे बलुते बंद केले तर पाटलाचे काही अडत नव्हते. महाराने ओढकाम बंद केले तर त्याची चूल बंद होत होती. म्हणूनच मृत जनावरे ओढू नका, मृत मांस खाऊ नका, महारकी सोडा, वतनाच्या तुकड्याचा मोह धरू नका, असे बाबासाहेब सांगत होते तेव्हा ते स्वच्छतेचा उपदेश करत नव्हते. गुलामीची रेषा गुलामाने आपल्या हाताने तोडावी, असा तो कार्यक्रम होता. गावाला तो बरोबर कळला. उत्तर म्हणून आला तो बहिष्कार: दुकानातून मीठ नाही, शेतात मजुरी नाही, पिठाची गिरणी बंद, वाट बंद. म्हणजे उरलेल्या सगळ्या रेषा गावाने एका रात्रीत तोडल्या. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली कायदा करावा लागला, यावरून हे हत्यार अजून गंजलेले नाही हे समजावे.

या शास्त्रातल्याच एकाने ही गोष्ट ओळखली होती, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. फिलिप बोनासिच यांनी १९८७ साली मांडले की देवाणघेवाणीच्या काही व्यवहारांत बलवानांशी जोडलेले असण्यापेक्षा, ज्यांना दुसरा पर्याय नाही अशांशी जोडलेले असणे जास्त सत्ता देते. गावचा सावकार बोनासिच न वाचताही हे जाणून होता. ऊसतोडीच्या धंद्यात आजही हेच चालते. कारखाना, वाहतूक कंत्राटदार, मुकादम आणि कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी. नकाशावर मुकादम मधोमध येतो आणि सगळा दोष त्याच्या माथी मारून अभ्यास संपतो. पण मुकादम पळाला तर कारखान्याला दुसरा मिळतो. उचल घेतलेल्या कोयत्याला मात्र फड सोडून जाता येत नाही. मधे कोण आहे हे महत्त्वाचे नाही. सोडून कोण जाऊ शकतो, हे महत्त्वाचे.

मराठवाड्यातल्या ज्या गावांत आम्ही काम करतो, तिथे वस्तीत बसून मोठ्या कागदावर असे नकाशे काढायला सुरुवात केली. प्रश्न साधेच ठेवले. हातउसने पैसे कोणाकडून घेता? रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला गाडी कोणाची मागता? अर्ज कोण लिहून देतो? पत्रिका कोणाला देता, आणि जेवायला कोण येतो? शेवटच्या प्रश्नाला लोक हसतात. आहेर देऊन जाणारे पुष्कळ असतात, पानावर बसणारे मोजके. त्या हसण्यात रेषा दोन्हीकडून सारखी नसते हे सगळे काही येते. आम्ही म्हणून साध्या रेषेऐवजी बाण काढू लागलो. वस्तीकडून गावाकडे जाणारे बाण दाट, गावाकडून वस्तीकडे येणारे बाण मतदानाच्या आणि खुरपणीच्या हंगामापुरते.

एका आजीने गाडीवाल्याचे नाव सांगितले आणि लगेच आमच्या हातातला पेन धरला. "नाव सांगितलं लेकरा, पण लिहू नगं. उद्या सुनंचं दिवस भरल्यावर गाडी नाही म्हणला तर?" गाडीवाला तिथे नव्हता. त्याने धमकी दिली नव्हती. कदाचित माणूस चांगलाही असेल. पण रेषा तोडण्याची मुभा त्याच्याकडे होती आणि ती आजीच्या मनात रोज जागी होती. सत्ता म्हणतात ती हीच. आम्ही नावे लिहिणे थांबवले, आता आकडे टाकतो. कोणत्या आकड्यामागे कोण, हे वस्तीलाच ठाऊक. तसेही असले नकाशे कोणाच्या हाती पडतील हा प्रश्न लहान नाही. पोलीसही फोनच्या नोंदींवरून रेषाच काढतात, आणि कोण कोणाच्या सभेला गेला याचा हिशेब आपल्या लोकांविरुद्ध वापरला गेल्याचे आपण पाहिले आहे.

अ‍ॅट्रॉसिटीच्या खटल्यांत साक्षीदार फितूर होतात तेव्हा शहरी माणूस म्हणतो, लोकांत हिंमत नाही. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या खर्डा इथे २०१४ साली एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून तो झाल्याचा आरोप होता. खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. हिंमतीची भाषा करण्याआधी कोणत्याही गावात आमचे चार प्रश्न विचारून पाहा. ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची त्याच्या भावकीकडेच मजुरी, त्याच्याच सोयऱ्याकडे रेशन दुकान, त्याच्याच गाडीतून दवाखाना. न्यायालयाला दिसतो तो साक्षीदार, त्याच्या अंगाला बांधलेल्या दोऱ्या पंचनाम्यात येत नाहीत. साक्षीदार संरक्षण म्हणजे दारात एक शिपाई, ही समजूत त्यामुळेच अपुरी आहे. वर्षभराची मजुरी आणि धान्य यांची हमी नसेल तर संरक्षण कसले?

अमेरिकन अभ्यासक रोनाल्ड बर्ट यांनी १९९२ साली दोन गटांमधल्या न जोडलेल्या जागेला पोकळी म्हटले, आणि ती जो भरून काढतो त्याचा फायदा होतो असे सांगितले. व्यवस्थापनाच्या वर्गांत हे फार आवडीने शिकवतात. आपल्याकडे दोन जातींमधली जागा पोकळ नाही. तिथे पहारा आहे. भारत मानव विकास सर्वेक्षणाच्या २०११-१२ च्या फेरीत आंतरजातीय विवाह सुमारे ५ टक्के निघाले. उरलेल्या ९५ टक्क्यांत आपसूक घडलेले फारसे काही नाही. ते राखलेले आहे, मुलींवर नजर ठेवून, स्थळे गाळून, प्रसंगी खून पाडून. नकाशावर जिथे कोरा कागद दिसतो, तिथेच जातीचे सर्वांत जास्त श्रम खर्ची पडलेले असतात.

हा कोरा कागद आपल्या बाजूलाही आहे. नाराज होणाऱ्यांनी खुशाल व्हावे. बौद्ध वस्ती आणि मातंग वस्ती यांच्यात एका ओढ्याचे अंतर असते, आणि आमच्या कागदांवर त्या ओढ्यावरून जाणाऱ्या रेषा बोटांवर मोजण्याइतक्या. दोन्हीकडचे बाण आपापले वेगवेगळे गावाकडे जातात. मेडिचींचे चित्र आठवा: आपापसात तुटलेली घराणी, सगळ्यांची वाट एका दारातून. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली आणि दोन्ही वस्त्यांतल्या पोरांनी एकमेकांना मोबाइलवर शिव्या दिल्या. उपवर्गीकरणावर मतभेद असू शकतात, आमच्या गटातही आहेत. पण जिथे रेषाच नव्हती तिथे मतभेद बोलून सोडवायचे कोणी आणि कोणाशी?

सध्या आम्ही दोन्ही वस्त्यांचा एकच कागद करतो आहोत. पहिली बैठक बौद्ध विहारात ठेवली तर मातंग वस्तीतून कोणी येईना, त्यांच्या समाजमंदिरात ठेवली तर आपली म्हातारी मंडळी कुरकुरली. शेवटी शाळेच्या व्हरांड्यात जमलो. दोन्हीकडच्या बायकांनी चार प्रश्नांत पाचवा घातला: बचत गटाचे कर्ज थकले तर तुमच्यासाठी जामीन कोण राहील? बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ओढ्यापलीकडच्या एका बाईने अलीकडच्या एकीचे नाव घेतले. दोघी एकाच मुकादमाकडे तीन हंगाम ऊस तोडून आल्या होत्या. त्या कागदावरची दोन्ही टोकांना बाण असलेली ती पहिली रेषा. पुढची बैठक कुठे घ्यायची, यावर अजून एकमत झालेले नाही.